पिसांसकट चालणार नाही

डॉ. यतीन खांबेटे यांना नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दोन मेलेले पक्षी सन्मानपूर्वक प्रदान करण्यात आले. तिथून पुढे जे जे घडलं ते सगळं नियमाला धरून घडलं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या हकिगतीत कुणीही कसलाही नियम मोडलेला नाही. मोडला असता तर प्रकरण दोन दिवसांत मिटलं असतं.

यतीन वेस्ट लंडनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जन. इंग्लंडात सर्जनला डॉक्टर न म्हणता मिस्टर म्हणतात, पण हाउन्सलोच्या मराठी मंडळींना त्यात पदावनती दिसते, म्हणून आपणही डॉक्टरच म्हणू. पित्ताशय काढण्यात त्याचा हात धरणारं त्या हॉस्पिटलात कुणी नव्हतं. तरी गेली नऊ वर्षं तो 'हंगामी' कन्सल्टंट होता. म्हणजे काम कन्सल्टंटचं, जबाबदारी कन्सल्टंटची, आणि दारावरची पाटी सेलोटेपने चिकटवलेली. कायमची जागा यंदा प्रथमच निघाली होती. मुलाखत डिसेंबरात होती आणि यतीन एक्कावन्न वर्षांचा होता. ही गेली तर पुढची निघेपर्यंत आपणच कुणाच्या तरी टेबलावर पडलेले असू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मुलाखत घेणाऱ्यांचे प्रमुख मिस्टर पेंबर्टन. त्यांनी ऑक्टोबरात यतीनला शिकारीचं आमंत्रण दिलं, आणि देताना या आमंत्रणाचा मुलाखतीशी काडीचाही संबंध नाही असं तीनदा सांगितलं. त्यावरून संबंध किती आहे ते यतीनला कळलं. इतकी वर्षं राहिल्यावर माणसाला एवढं इंग्रजी येतं.

शिकार फेझंटची होती. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा लांब शेपटीचा, श्रीमंत घरात वाढलेला चुलतभाऊ. त्याला माणसं उन्हाळाभर दाणे घालून पोसतात आणि हिवाळ्यात टाय लावून मारतात. टाय सक्तीचा असतो. आमंत्रणासोबत शिष्टाचाराची अकरा पानी पुस्तिका आली होती. खाली उडणारा पक्षी मारू नये, शेजाऱ्याच्या वाट्याचा मारू नये, आपण किती मारले ते मोठ्याने मोजू नये. यतीनने ती दोनदा वाचली, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या, आणि त्या दिवशी अत्यंत सभ्यपणे आकाशात गोळ्या झाडल्या. आकाशाला काही झालं नाही.

दिवस संपला तेव्हा रिवाजाप्रमाणे प्रत्येक पाहुण्याच्या हातात एकेक जोडी देण्यात आली. एक नर, एक मादी, दोघांच्या माना एकाच सुतळीत बांधलेल्या. यतीनने नम्रपणे सुचवून पाहिलं की आपण काही मारलेलंच नाही, तेव्हा या जोडीवर आपला हक्क पोचत नाही. सगळे प्रेमाने हसले. जोडी नाकारणं हा घोर असभ्यपणा आहे, हे पुस्तिकेच्या नवव्या पानावर होतं आणि त्याने स्वतःच ते पिवळं केलं होतं.

"पक्षी वाया घालवायचा नाही," मिस्टर पेंबर्टन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "बाकी सगळं सोड. शिकाऱ्याचा धर्म एवढाच. सोमवारी सांग, कसे लागले ते."

गाडीत बसल्यावर यतीनला आपली परिस्थिती नीट दिसली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, यातला प्रकार. त्याने ब्लूटूथवरून बायकोला फोन लावला.

उल्का शाळेत जीवशास्त्र शिकवायची. दहावीच्या वर्गापुढे ती दर वर्षी मेंढीचं हृदय कापून चारही कप्पे दाखवायची, पण ती नोकरी झाली. घर वेगळं. घरात स्वयंपाकघराला लागून देवघर होतं, आणि त्या छपराखाली अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. मात्र खांबेट्यांच्या गॅरेजमध्ये दुसरा एक फ्रीज होता. लेक ईरा सोळा वर्षांची, जिमला जाणारी, तिला प्रोटीन लागायचं. यतीनला प्रोटीन लागत नसे, पण चिकन लागायचं. गॅरेज हे घराचाच भाग असतं, असं घर घेताना वकिलाने सांगितलं होतं. नसतं, असं उल्काने सांगितलं, आणि वकील त्या घरात राहायला येणार नव्हता.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "गॅरेजमध्ये ठेव, माझी हरकत नाही," ती म्हणाली. "पण पिसांसकट चालणार नाही. आणि डोळे असलेलं काहीही आणू नकोस."

"मग साफ कुठे करू?"

"बाहेर. बाहेर तू काय करतोस ते मी आजवर कधी विचारलंय का?"

हे खरं होतं. यतीन वाढला त्या सदाशिव पेठेतल्या घरातही हाच कायदा होता. घरात नाही, बाहेर चालतं. त्याचे वडील महिन्यातून एकदा 'मित्राकडे' जेवायला जायचे आणि बडीशेप चघळत परत यायचे. आई 'काय होतं जेवायला?' असं कधीही विचारायची नाही. या कायद्यावर महाराष्ट्रातली निम्मी लग्नं टिकून आहेत. तेव्हा यतीनने गाडी बाहेर घेतली. बाहेर म्हणजे ब्रॅम्बली कॉमनला.

कॉमन म्हणजे गावची सार्वजनिक मोकळी जमीन. गवत, तळं, चार झाडं, पिकनिकची बाकं. फाटकाशी कौन्सिलचा फलक होता, त्यावर बारा गोष्टींना मनाई. शेगडी पेटवू नये, ड्रोन उडवू नये, गोल्फ खेळू नये, बदकांना पाव घालू नये. यतीनने तो शब्दन् शब्द वाचला आणि पुराव्यासाठी फोटो काढून ठेवला. पक्षी सोलण्याबद्दल तिथे अवाक्षर नव्हतं. आपल्याकडे फलकावर नाही ते चालतं. फलकावर आहे तेही चालतं, पण ते असो. इंग्लंडात मात्र जे कुणी करणारच नाही ते लिहिण्याची पद्धत नाही, ही बारीकशी गोष्ट यतीनला कुठल्या पुस्तिकेत सापडली नव्हती.

त्याने कोपऱ्यातलं बाक निवडलं. वर्तमानपत्र अंथरलं, गाडीतल्या खोक्यातून निळे हातमोजे काढून चढवले, पिसांसाठी एक पिशवी, आतड्यांसाठी दुसरी. शिकारीच्या यजमानांनी भेट दिलेला खिशातला चाकू घेतला, पात्याची लांबी कायद्यात बसणारी. आणि मग जे काम खाटीक पाच मिनिटांत करतो ते एका पोटाच्या सर्जनने पंचवीस मिनिटांच्या बेताने, एक थेंब न सांडता, एक पीस न उडू देता सुरू केलं. नराचं पोट त्याने इतकं नीट उघडलं की त्याचं त्यालाच बरं वाटलं.

लोक येत-जात होते. कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई थांबल्या आणि दिवस छान आहे म्हणाल्या. यतीन हो म्हणाला. एका म्हाताऱ्या जोडप्याने आमची अडचण होऊ देऊ नका असं सांगितलं. टोपीवाला एक गृहस्थ बराच वेळ पाहून "हाउ इंटरेस्टिंग" म्हणाला आणि फोन कानाला लावत झाडामागे गेला. यतीनला वाटलं, काय साधी माणसं आहेत. पुण्यात एव्हाना पाच जणांनी चाकू कसा धरायचा ते शिकवलं असतं.

मग एक पाच वर्षांची मुलगी येऊन बाकासमोर उभी राहिली. पिवळे गमबूट, हातात अर्धं बिस्किट. तिचं नाव हॅटी. मागून तिची आई कॉफीचा पेला सांभाळत आली, तिने निळे हातमोजे पाहिले, उघडं पोट पाहिलं, आणि आईला सुचायला हवं ते तिला ताबडतोब सुचलं.

"डॉक्टरकाका पक्ष्याला बरं करतायत," ती हॅटीला म्हणाली.

इथे एक माहिती देणं भाग आहे. हॉस्पिटलातल्या शिकाऊ डॉक्टरांना 'वाईट बातमी कशी सांगावी' हा विषय गेली दहा वर्षं यतीनच शिकवायचा. त्याचे धडे सोपे होते. समोरच्याच्या उंचीवर या. त्याला आधीपासून काय माहीत आहे ते विचारा. खोटी आशा देऊ नका. आणि काही झालं तरी 'गेला', 'झोपला', 'देवाघरी' असले शब्द वापरू नका, कारण पाच वर्षांच्या मुलाने 'झोपला' ऐकलं की ते त्या रात्रीपासून स्वतः झोपायला घाबरतं. एका मुलाच्या बाबतीत हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. या एका बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

तो गुडघ्यावर बसला. "तुला काय वाटतं, याला काय झालंय?" त्याने विचारलं.

"तो आजारी आहे आणि तू त्याला बरं करतोयस. मग तो उडेल."

"मला वाईट वाटतंय सांगायला," यतीन म्हणाला, "पण तो मेलाय. तो आता उडणार नाही. त्याला दुखतही नाहीये."

हॅटीने बिस्किटाचा घास चावत विचार केला. मग यातलं हृदय कोणतं, असं तिने विचारलं. यतीनने दाखवलं. केवढंसं आहे, ती म्हणाली, आणि बोट लावू का म्हणून विचारलं. मुलगी रडली नाही, घाबरली नाही, हे पुढच्या एकाही अहवालात आलेलं नाही. रडली ती आई, तेही अगदी सभ्यपणे, आवाज न करता. तिने हॅटीला कोटाच्या टोपीला धरून उचललं आणि जाता जाता, डोळे पुसत, "हाउ इंटरेस्टिंग" म्हणाली.

रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल कौन्सिलला कळवलं तर माणूस यायला आठ महिने लागतात. फेझंटबद्दल कळवलं तर वीस मिनिटं. आलेला माणूस पंचविशीतला, हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र: सार्वजनिक सुविधा दर्जा अधिकारी, समर देवधर. वेम्बलीत जन्मलेला. यतीनच्या हॉस्पिटलच्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचल्यावर त्याचा चेहरा उजळला आणि त्याने मराठी सुरू केलं, जे तो एरवी फक्त आजीशी बोलायचा.

"काका, पर्सनली मला काही प्रॉब्लेम नाही," तो म्हणाला. "माझी बाबा पण चिकन खातो. पण सात कम्प्लेंट आलेत, आणि फॉर्ममध्ये याच्यासाठी ऑप्शन नाही."

फॉर्ममध्ये सहा पर्याय होते. यतीनने आपणहून 'केरकचरा' सुचवला, काय तो दंड भरून मोकळा होतो म्हणाला. समरने मान हलवली. केरकचऱ्यासाठी मागे काहीतरी टाकलेलं असावं लागतं. त्याने बाकाखाली वाकून पाहिलं, गवतात पाहिलं. एक पीस नव्हतं. "तुम्ही सगळं उचललंत, काका, तिथेच लोचा झाला," तो हळहळत म्हणाला. गोंगाट नाही, फेरीवाला नाही, कुत्रा नाही, तंबू नाही. उरला एकच पर्याय. समरने निळ्या हातमोज्यांकडे पाहिलं आणि 'वैद्यकीय कचरा' यावर बोट ठेवलं. दोन्ही पक्षी पुरावा म्हणून सीलबंद झाले, एक साफ केलेला आणि एक पिसांसकट.

वैद्यकीय कचऱ्याच्या फॉर्मात 'कचऱ्याचे उगमस्थान' हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. समरने हॉस्पिटलचं नाव घातलं. पान उघडलं.

सोमवारी हॉस्पिटलच्या कचरा विभागाला ते पान मिळालं. वैद्यकीय कचरा इमारतीबाहेर सापडला म्हणजे घटना घडली, तेव्हा घटनेला क्रमांक पडला. घटनेला रुग्ण लागतो. संगणकाने नाव मागितलं, ते अज्ञात. लिंग मागितलं, एक पुरुष, एक स्त्री. वय मागितलं, तेव्हा कारकुनाने इंटरनेटवर शोधून प्रामाणिकपणे सात महिने लिहिलं. रुग्णाचं वय एक वर्षाच्या आत आणि दोन्ही रुग्ण दगावलेले, हे वाचल्याबरोबर संगणकाने प्रकरण आपोआप बालसंरक्षण विभागाकडे पाठवलं. मंगळवारी दुपारपर्यंत डॉ. खांबेटे यांच्या नावावर दोन अर्भकांवर बागेतल्या बाकावर, भूल न देता, पालकांची संमती न घेता शस्त्रक्रिया केल्याची चौकशी लागली होती. शस्त्रक्रियेच्या दर्जाबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती.

ती अर्भकं म्हणजे कोंबडीसारखे पक्षी आहेत, हे यतीनने फोनवर चार जणांना सांगितलं. चौघांनीही सहानुभूतीने ऐकलं आणि ही हकिगत चौकशीत अवश्य मांडा म्हणाले. उघडी चौकशी असलेल्या उमेदवाराला मुलाखतीला बसता येत नाही, असंही चौथ्याने शेवटी सांगितलं. मुलाखत नऊ दिवसांवर होती.

यतीन घाबरला. खरोखर घाबरला, जेवण जाईना इतका. नऊ वर्षं प्रत्येक नाताळची ड्यूटी त्याने हसत घेतली होती, आपल्यानंतर आलेली पोरं कायम होताना त्यांच्या पार्टीचे केक कापले होते, आणि आता या दोन कोंबड्यांपायी सगळं पाण्यात चाललं होतं. उल्काही हादरली होती, पण तिचं म्हणणं स्पष्ट होतं.

"बाहेर कर म्हटलं होतं," ती म्हणाली. "लोकांसमोर कर असं मी कधी म्हणाले?"

चौकशीला तीन विभाग, कौन्सिलचा समर, नागरिकांतर्फे हॅटीची आई, आणि सर्जरीचे प्रमुख म्हणून मिस्टर पेंबर्टन हजर होते. पक्षी हे पक्षी असल्याचं पहिल्या चाळीस मिनिटांत सर्वानुमते मान्य झालं. मग मुख्य प्रश्न निघाला. पक्षी मारण्याला कुणाचा आक्षेप आहे का? नव्हता. तो खाजगी जमिनीवर, टाय लावून मारला होता. पक्षी खाण्याला? छे छे, हॅटीच्या आईने स्वतः रविवारी फेझंट खाल्ला होता, लाल वाइनमध्ये शिजवलेला, उत्कृष्ट होता. मग आक्षेप कशाला आहे? शेवटी बालसंरक्षणाच्या बाईंनी कागद सारखे करत सांगितलं की आक्षेप मधल्या भागाला आहे.

मधला भाग घरी करायचा असतो, हॅटीची आई म्हणाली. घरी, दार लावून. बाहेर नाही.

यतीनने तिच्याकडे पाहिलं. एकीकडे ही बाई, दुसरीकडे उल्का. इकडे म्हणतात घरात करा, तिकडे म्हणतात बाहेर करा, आणि दोघींच्या मधे तो कोंबडा घेऊन उभा. दोन थोर संस्कृतींनी मिळून त्या पक्ष्याला टेकायला तसूभर जागा ठेवली नव्हती.

हॉस्पिटलात घटना बंद करायची तर तिच्यातून 'शिकवण' निघावी लागते. ती काय काढायची यावर खल झाला आणि ठरलं, कौन्सिलने आणि हॉस्पिटलने मिळून एक आचारसंहिता करावी. लिहिणार कोण? सगळ्यांनी यतीनकडे पाहिलं. या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असलेला तोच एकटा होता. संहिता मंजूर झाली की चौकशी बंद, चौकशी बंद की मुलाखत. यतीनने तीन दिवसांत चौदा कलमं लिहिली, आणि सांगायला हरकत नाही, फार सुरेख लिहिली. सार्वजनिक भूमीवर पंखधारी शिकारीची पूर्वतयारी सौजन्यपूर्वक करण्याबाबत. पक्षी पडद्याआड, मुलांच्या झोपाळ्यांकडे पाठ करून साफ करावा. हातमोजे निळे नसावेत, त्यातून वैद्यकीय गैरसमज होतो. हिरवे असावेत, म्हणजे बागकाम वाटतं. पिसं मातकट रंगाच्या पिशवीत न्यावीत. कुणी विचारल्यास हवामानावर बोलावं.

पंधरावं कलम हॅटीच्या आईने घालायला लावलं. बालकाने विचारल्यास, पक्षी झोपला आहे असे सांगावे.

यतीनने पेन खाली ठेवलं. हे मी लिहिणार नाही, असं त्याने सांगितलं. का नाही तेही सांगितलं, दहा वर्षं शिकवत होता तसंच, शांतपणे आणि सविस्तर. सगळ्यांनी अत्यंत आदराने ऐकून घेतलं आणि बैठक तहकूब झाली. मिस्टर पेंबर्टन त्याला म्हणाले, ये, वाटेत माझ्या घरी डोकावून जाऊ.

घरी म्हणजे घरात नव्हे. त्यांनी त्याला बाजूच्या गॅरेजमध्ये नेलं. तिथे आडवा, पेटीसारखा मोठा फ्रीझर होता. त्यांनी झाकण उचललं. आत फेझंट होते. पिसांसकट, डोळ्यांसकट, जोडीजोडीने, प्रत्येक जोडीच्या सुतळीला तारखेची चिठ्ठी. सगळ्यात खालची अकरा वर्षांपूर्वीची होती.

"मार्गारेट घरात घेत नाही," मिस्टर पेंबर्टन म्हणाले. "वासच सहन होत नाही तिला. आणि मला स्वतःला, खरं सांगायचं तर, मासेच आवडतात."

"तुम्ही कधी साफ केलाच नाहीत? एकही?"

"अरे बाबा, कोण करतं?"

"पण तुम्हीच म्हणाला होतात, पक्षी वाया घालवायचा नाही."

"मग घालवलाय कुठे?" मिस्टर पेंबर्टन खरोखर दुखावले. "सगळे इथेच आहेत."

त्यांनी झाकण हळूच लावलं आणि वर दाबून पाहिलं. मग भिंतीवरच्या फावड्याकडे बघत म्हणाले, मुलाखत गुरुवारी आहे, आणि त्या शेवटच्या कलमात एवढं अडण्यासारखं काय आहे ते मला समजलेलं नाही. याचा मुलाखतीशी काही संबंध नाही, असंही त्यांनी सांगितलं. तीनदा.

बुधवारी सकाळी यतीनने पंधरावं कलम लिहून सही केली. हात सर्जनचा असल्यामुळे अक्षर चांगलं आलं. दुपारी चौकशी बंद झाली. गुरुवारी मुलाखत झाली, आणि उमेदवाराला 'आपल्याकडे गोष्टी कशा करतात याची उत्तम जाण आहे' असा शेरा मिळून तो कायम झाला. दारावर स्क्रूने बसवलेली पितळी पाटी आली. उल्काने साखरभात केला आणि त्या पाटीचा फोटो पुण्याला पाठवला.

पुरावा म्हणून ठेवलेले पक्षीही परत आले. मधल्या काळात प्रयोगशाळेने दुसराही साफ केला होता. हवाबंद पाकीट, वर पांढरी चिठ्ठी, क्रमांक, तारीख, सही. डोळे नाहीत, पिसं नाहीत. उल्काने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "आता कसं व्यवस्थित झालं," ती म्हणाली आणि स्वतःच्या हाताने गॅरेजच्या फ्रीजमध्ये ठेवून आली. त्या रविवारी मित्रमंडळी जेवायला होती. श्रीखंड-पुरी झाली, या इंग्रजांना निव्वळ मजेसाठी मुके जीव मारताना काहीच कसं वाटत नाही यावर सगळे पोटतिडकीने बोलले. मग पुरुषमंडळी यतीनची नवी गाडी बघायला म्हणून गॅरेजमध्ये गेली आणि पाऊण तासाने बडीशेप चघळत परत आली. कसं आहे, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. गाडी कशी आहे, असं एकाही बायकोने विचारलं नाही.

जानेवारीत पुन्हा आमंत्रण, पुन्हा जोडी. ब्रॅम्बली कॉमनवर एव्हाना संहितेनुसार लाकडी पडदा उभा राहिला होता, आधी नाव नोंदवून वापरायचा. यतीन हिरवे हातमोजे घालून पडद्याकडे निघाला तेव्हा वाटेत पिवळे गमबूट उभे होते. हॅटीने त्याला लगेच ओळखलं. ती पळत आली. तिला खूप विचारायचं होतं. माणसाचं हृदय केवढं असतं, फेझंटचं थांबतं तेव्हा आवाज येतो का, आणि तिच्या आजोबांचं डिसेंबरात थांबलं ते तसंच थांबलं का. घरी कुणी नीट सांगत नव्हतं. घरी सगळे ते झोपलेत म्हणत होते.

ती त्याच्या हातातल्या जोडीकडे बघत थांबली. "हा पण मेलाय का?" तिने विचारलं.

पाच पावलांवर तिची आई उभी होती. तिच्यामागे फलक होता, त्यावर आता पंधरा कलमं होती आणि खाली यतीनची सही. त्याला गुडघ्यावर बसावंसं वाटलं. फार वाटलं.

"नाही," तो उभ्या-उभ्याच म्हणाला. "झोपलाय."

हॅटीने पक्ष्याकडे पाहिलं. लोंबत्या मानेकडे, सुतळीकडे. मग त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ. तिला साडेपाच पूर्ण झाली होती.

"हाउ इंटरेस्टिंग," ती म्हणाली, आणि आईचा हात धरून निघून गेली.

वाचकहो, तुम्हाला हे लोक भलते ढोंगी वाटले असतील. वाटणारच. आपल्याकडे नाही असलं. आता उठा, जेवणाची वेळ झाली. आणि माळ्यावर की बाल्कनीत, कुठे ठेवली असेल तिथून ती वेगळी कढई काढताना मुलाने विचारलंच की ही वेगळी कशाला, तर काय सांगायचं ते तुम्हाला कुणी लिहून द्यायला नको.